उत्तरेच्या भिंतीतली नळी

दुपारी एकच्या सुमाराला घर तापवणारी भट्टी चौथ्यांदा विझली. आर्डिस तळघराच्या पायरीवर कान देऊन बसली होती. आधी पंख्याची घरघर, मग ज्योत पेटल्याचा भस्सकन आवाज, आणि दोन मिनिटांत पुन्हा सगळं चिडीचूप. वर स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसायला लागली होती. बाहेर उणे तीस, त्यात कालपासून हिमवादळ. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं.

असली कामं चाळीस वर्षं मिल्फर्डनं, तिच्या नवऱ्यानं केली होती. पण गेल्या दोन वर्षांत त्याची स्मरणशक्ती विरत चालली होती. आता तो दोन स्वेटर चढवून, मांडीवर गोधडी घेऊन खिडकीशी बसला होता आणि सारखा विचारत होता, "दार कुणी उघडं टाकलंय?"

तिनं ऑर्लिनला फोन लावला. चार मैलांवरच्या या शेजाऱ्याचा जन्म भट्ट्या दुरुस्त करण्यात गेला होता.

"रस्ते बंद आहेत गं, मला यायला जमणार नाही," तो म्हणाला. "हवा गाळायची जाळी बदललीस?"

"सकाळीच."

"आत लाल दिवा लुकलुकत असेल. किती वेळा?"

ती फोन घेऊन खाली गेली. "तीनदा. थांबतो, मग पुन्हा तीनदा."

"मग धुराची नळी बर्फानं बुजलीये. धूर जायला वाट नाही, म्हणून भट्टी आपणहून बंद पडतेय. तुमचं कुणाचं डोकं दुखतंय?"

"नाही."

"दुखलं तर विषारी धूर घरात शिरलाय, आधी खिडकी उघडायची. आता भट्टीचं बटण बंद कर. आणि आर्डिस, बाहेर जाणारच असलीस तर दोर बांधून जा."

का, ते त्यानं सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं. अशाच वादळात गोठ्याकडे निघालेला आसपासच्या शेतकऱ्यांतला एक जण बर्फ वितळल्यावरच सापडला होता.

दाराबाहेरच्या ओट्याचा कठडा कधीच मोडला होता, बाहेर दोर बांधायला काही नव्हतं. तिनं दोराचं एक टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि दाराच्या फटीतून दोर बाहेर काढला.

"मिल्फर्ड, याला हात लावायचा नाही. दुसऱ्या टोकाला मी आहे."

"मला काय खुळा समजतेस?" तो डाफरला.

उत्तरेच्या भिंतीला लागून छातीएवढा बर्फ साचला होता. वळसा घालून, फावड्यानं उपसत ती नळीपर्यंत पोचली. तोंडात बर्फाचं बूच बसलेलं. मुठीनं ठोकून ठोकून तिनं ते फोडलं. मग परत फिरण्यासाठी दोर ओढला. तो सैल आला. आणखी ओढला, आणि सगळाच्या सगळा हातात आला.

फावडं तिथंच टाकून, भिंतीवरचा हात न सोडता तिनं बर्फात अंग लोटलं. मग भिंत चाचपत, रांगत ती दारापाशी आली. दाराला आतून कडी होती.

काचेपलीकडे मिल्फर्ड उभा होता.

"उघड! मी आर्डिस!"

"माझी बायको घरात नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही नंतर या."

"अरे, मीच तुझी बायको!"

तो घाबरून मागे सरला. तिच्या पापण्या गोठल्या होत्या, बोटं कधीच बधिर झाली होती. आणखी ओरडलं तर हा आतल्या खोलीत निघून जाईल, हे तिला कळलं. तिनं आवाज शक्य तितका शांत ठेवला.

"साहेब, मी भट्टी दुरुस्त करायला आलेय."

"मग आधी नाही का सांगायचं!" कडी खटकन निघाली. "या, या. किती वाट बघायची माणसानं? माझी बायको गारठून जाईल इथं."

ती भिंत धरत धरत तळघरात उतरली आणि कोपरानं बटण दाबलं. पंखा फिरला, ज्योत पेटली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. दहा झाली तरी ती जळतच होती.

वर आल्यावर त्यानं स्वतःची गोधडी तिच्या खांद्यावर टाकली. "बसा जरा. ती आली की कॉफी करेल."

"कुठं गेल्यात त्या?"

"कुणास ठाऊक. एवढ्या वादळात!" त्यानं खिडकीकडे पाहिलं. "मला फार भीती वाटतेय हो."

"मलाही," ती म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. तिचा हात अजून लाकडासारखा होता.

अंधारून येताना तो एकदम म्हणाला, "आर्डिस, होतीस कुठं इतका वेळ?"

"इथंच," ती म्हणाली. मग स्क्रूड्रायव्हर शोधून आणला आणि सुजलेल्या बोटांनी दाराची कडी काढायला बसली.