क्रमांक तेवीसची ओळ

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी देवापुढे बसलो होतो. ओठांवर नाव देवाचं होतं आणि डोक्यात विमानं होती, हे आधीच कबूल करून टाकतो. गेली तीस वर्षं माझं असंच चाललंय, आणि देवानेही बिचाऱ्याने ते चालवून घेतलंय.

विमानं म्हणजे एकाच जातीची. दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान, अंग लाकडाचं, वर ताणून बसवलेलं कापड. ज्या कारखान्याने ती बनवली तो माझ्या लहानपणीच बंद पडला. सगळी मिळून बासष्ट विमानं त्याच्या दारातून बाहेर पडली. त्या बासष्टांपैकी कोणतं कधी तयार झालं, कोणी घेतलं, कोणी कोणाला विकलं, कुठे पडलं, कुठे सडलं, हे जमवणं हा माझा नाद. मी नोकरीत होतो नकाशे ठेवण्याच्या खात्यात. निवृत्त झालो आणि नादाला रान मोकळं मिळालं. जमवलेलं सगळं पुस्तकात छापलं, दोन आवृत्त्या निघाल्या. आज या जातीचं विमान घ्यायचं म्हटलं की माणूस आधी माझं पुस्तक उघडतो आणि मग विमानाकडे बघतो. फ्लाइंग क्लबात मला 'नोंदवाले काका' म्हणतात. मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

"काका, तेवीसचं कापड उतरवलंय," डॉक्टर फोनवर म्हणाले. "जेवून या, उपाशी या, पण या."

क्रमांक तेवीस गेल्या वर्षीच त्यांनी घेतलं होतं, आणि स्वस्तात घेतलं होतं, कारण माझ्या पुस्तकात त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ होतं.

हँगरमध्ये ते विमान सोललेल्या मक्याच्या कणसासारखं उभं होतं. डॉक्टरांनी हातात बॅटरी दिली आणि मागच्या सीटच्या पाठीमागे वाकायला सांगितलं. "मी आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांखाली बघत आलो. म्हटलं, इथेही बघू या."

सांगाड्याच्या लाकडी पट्टीवर, जुन्या सरसाच्या डागाशेजारी, पेन्सिलीने लिहिलं होतं: २३. तीनचं पोट मोठं, शेपूट आखूड. तो आकडा मी चांगला ओळखतो. कारखान्यातले सुतार सांगाडा जोडला की कापड चढवण्याआधी असा आकडा टाकत. अशा सात सांगाड्यांचे फोटो माझ्या कपाटात आहेत, त्यांतल्या तीन सांगाड्यांवरचा '३' याच हाताचा.

"म्हणजे हे खरंच तेवीस आहे," डॉक्टर म्हणाले. ते खुशीत होते. त्यांच्या विमानाची अब्रू परत आली होती. "तुमच्या पुस्तकात तर वेगळंच आहे. चुकलंच की हो काका तुमचं, एकदाचं."

मी हसलो. कसा हसलो ते माझं मलाच माहीत.

पुस्तकात मी असं लिहिलं होतं: आजपासून चाळीस वर्षांपूर्वी तेवीस आणि एकेचाळीस ही दोन विमानं एकाच मिस्त्रीच्या शेडमध्ये दुरुस्तीला होती. एकेचाळीस तपासनिसाने बाद ठरवलं होतं, त्याचं लाकूड कुजलं होतं. मिस्त्रीने तेवीसची क्रमांकाची पत्र्याची पट्टी काढून एकेचाळीसच्या सांगाड्यावर ठोकली आणि बाद विमान चांगल्याच्या नावाने परत उडवलं. आमच्या जगात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. अशा विमानात माणसं बसतात.

माझ्या पुस्तकात प्रत्येक ओळीच्या शेवटी 'आधार' नावाचा रकाना आहे. ही माहिती कुठून आली ते तिथे लिहायचं. कागद, फोटो, नाहीतर 'ऐकीव'. ऐकीव लिहिलं की वाचणारा सावध होतो. तेवीसच्या ओळीपुढे मी लिहिलं होतं, 'कार्यशाळेची वही'.

अशी वही मी कधी पाहिलेली नाही.

झालं होतं असं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तेवीसच्या इतिहासात तीन वर्षांचं भगदाड होतं. मी त्या मिस्त्रींना पत्र पाठवलं. मोठं, चार पानी, क्रमवार प्रश्नांचं. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं. 'कागद काय बघता, विमान बघायला या.' बस, एवढंच. ते मला झोंबलं. मी एवढा अभ्यासू माणूस, आणि हा हातोडी मारणारा मला शिकवणार. गेलो नाही. दोन तासांचा रस्ता होता फक्त. घरी बसून तर्क बांधला, दोन विमानं, एक शेड, एक कुजलेलं. तर्क इतका सुबक बसला की त्याला 'ऐकीव' म्हणायला जीव होईना. आणि खरं सांगायचं तर ते ऐकीवही नव्हतं. कोणीच काही सांगितलं नव्हतं. प्रत्येक शेडमध्ये कामाची वही असतेच, म्हणून मी वही लिहून टाकली. एकोणीस वर्षं झाली त्याला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. चूक झाली, पेन्सिलीचा आकडा सापडला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती टाकतो.

"काय टाकणार दुरुस्तीत?" ती भाजी निवडत होती.

"नव्याने मिळालेल्या माहितीनुसार, असं."

"आणि तो मिस्त्री?"

"वाचेल की तो."

"अहो, माणसाच्या तोंडावर चिखल उडवलात तुम्ही, आणि पुसायला चिठ्ठी पाठवणार?" तिने मान वर केली नाही. "त्याचं काम बंद पडलं होतं ना तुमच्या पुस्तकानंतर? तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा तर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंत."

सांगितलं होतं. क्लबातले लोक त्याला 'पट्टीवाला' म्हणू लागले आणि कोणी त्याच्याकडे विमान नेईना, हे मी जेवताना याच टेबलावर सांगितलं होतं. पुस्तकाचा दबदबा किती, ते कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी निघालो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. 'माझ्या हातून चूक झाली' हे वाक्य चांगलं होतं. नम्र होतं आणि फारसं काही उघडं करत नव्हतं. वहीचा विषय त्यांनी काढला नाही तर मी काढायचा नाही, असं ठरवलं. देवाला म्हटलं, एवढं निभावून ने. अशा कामासाठी त्याला हाक मारताना जीभ जड झाली, पण मारली.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. पन्नाशीला आलेली असेल. हातात इस्त्रीचा शर्ट. मी नाव सांगितल्यावर तिने तो शर्ट घडी न घालताच खुर्चीवर टाकला.

"पुस्तकवाले," ती म्हणाली. "या. बाबा आत आहेत. त्यांना दम लागतो, जास्त बोलायला लावू नका."

मिस्त्री खिडकीजवळ बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचं वय, पण मनगटं अजून सुताराची. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, बसा, बसा. ते म्हणाले, "घरी आलेल्या माणसाशी बसून कसं बोलायचं?" आणि उठलेच. तिथेच माझी अर्धी वाक्यं गळाली.

मी पेन्सिलीच्या आकड्याचं सांगितलं. डॉक्टरांनी काढलेला फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब नेला, मग लेकीकडे दिला.

"तेवीस आहे," ती म्हणाली.

"मागच्या सीटच्या मागे?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सांगाडा तेवीसचाच आहे. पट्टी बदललेली नाही. माझ्या हातून चूक झाली."

मला वाटलं, आता शिव्या देतील. तयारीही होती. पण ते लेकीला म्हणाले, "म्हणजे मी नाही केलं ते."

"मी काय सांगत होते बाबा इतकी वर्षं?"

मला कळेना. "तुम्हाला माहीतच होतं ना," मी म्हटलं, "की तुम्ही केलं नाही?"

"माहीत होतं हो. पुस्तक येईपर्यंत माहीत होतं." ते हळूहळू बोलत होते. "त्या वर्षी हिची आई दवाखान्यात होती. दिवसा तिच्याजवळ बसायचो आणि उरलेल्या वेळात शेडमध्ये. दोन्ही विमानं सोलून ठेवलेली, शेजारी शेजारी. कुठला भाग कुठे बसवला, झोपेत चालल्यासारखं काम. तुमचं पुस्तक वाचलं तेव्हा आधी चिडलो. मग शेवटी बघितलं, कार्यशाळेची वही. मग मी गप्प झालो."

"का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वही मी कुठे लिहायचो? मला अक्षरांचा कंटाळा. वही ती लिहायची. कुठलं लाकूड आलं, कुठल्या विमानाला लावलं, सगळं. दवाखान्यातसुद्धा मला विचारून विचारून लिहायची. ती गेल्यावर घर बदललं, त्यात वही हरवली. तुमच्याकडे कशी पोचली, देव जाणे. पण तिने लिहिलंय म्हणजे खोटं नसणार. ती खोटं लिहिणारी बाई नव्हती." ते थांबले. श्वास भरून घेतला. "मला एवढंच लागून राहिलं की तिला हे दिसलं होतं, तिने लिहून ठेवलं, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. माझ्याबद्दल असं मनात धरून गेली. तुमच्याकडे वही मागावी असं खूपदा वाटलं. कोणत्या तोंडाने मागणार?"

मग ते पुढे वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी बघू नये असं होतं.

"आता मागतो. तुमची चूक झाली म्हणता, म्हणजे वाचण्यात चूक झाली असेल. तिचं अक्षर बारीक होतं. वही आणलीय का? नसेल तर पुन्हा आणा. घाई नाही."

लेक माझ्याकडे बघत होती. ती हुशार होती. मी बोलण्याआधीच तिला कळलं होतं.

मला त्या क्षणी एक वाट दिसत होती, तीही सांगतो. वही वाचताना मी चुकलो, आणि ज्याच्याकडे ती होती तो परत घेऊन गेला, असं म्हणता आलं असतं. म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं. दुसऱ्या खोट्याला दयेचे कपडे घालणं किती सोपं असतं हे मला त्या खुर्चीत कळलं. तोंड उघडलंही होतं.

"वही नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हती माझ्याकडे. मी पाहिलेलीच नाही. मनानेच लिहिलं."

"मनानेच?"

"तुमचं पोस्टकार्ड आलं, त्याचा राग आला. यायचा कंटाळा केला. मग तर्क केला आणि तो खरा वाटावा म्हणून वहीचं नाव घातलं. त्यांनी तुमच्याबद्दल काहीही लिहिलं नव्हतं. निदान मी तरी वाचलेलं नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोनदा खोकली आणि बंद पडली. मिस्त्रींची मान सवयीने तिकडे वळली, पुन्हा माझ्याकडे आली.

"म्हणजे वहीही नाही," ते म्हणाले. ते मला म्हणाले नव्हते.

लेक म्हणाली, "आता निघालात तरी चालेल." आवाज चढवलेला नव्हता.

मी उठलो. हात जोडले. माफी मागायची होती, पण तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला.

"थांब गं," मिस्त्री म्हणाले. "पुस्तक दे त्यांना."

ती आतून माझं पुस्तक घेऊन आली. दुसरी आवृत्ती. पुठ्ठ्याला घरचं कव्हर घातलेलं, तेवीसच्या पानाशी कागद खोचलेला. बायकोच्या वहीची तेवढीच एक खूण म्हणून त्यांनी ते जपलं होतं, हे आता मला कळलं होतं, आणि ते हातात धरवेना.

"तिथे लिहा," ते म्हणाले. "आत्ता जे बोललात ते."

मी त्या ओळीवर काट मारली. शेजारी लिहिलं, 'हे खोटं आहे. मी वही पाहिली नव्हती. सांगाडा तेवीसचाच.' खाली सही केली, तारीख घातली. लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"पुढच्या पुस्तकात असंच छापायचं. नव्या माहितीनुसार वगैरे नाही."

"असंच छापतो."

मला वाटलं, संपलं. मी पेन खिशाला लावलं.

"बसा," ते म्हणाले. "बासष्ट विमानं आहेत ना? मला अक्षरांचा कंटाळा, पण पुस्तक पूर्ण वाचलंय मी. प्रत्येक ओळीपुढे काहीतरी आधार आहे. एकही जागा रिकामी नाही. तेव्हाच वाटलं होतं, या माणसाला सगळंच कसं सापडलं." ते रागाने बोलत नव्हते. एखादा सांधा ठोकून बघावा, तसं बोलत होते. "माझं झालं. बाकीच्या एकसष्टांत मनाने लिहिलेल्या ओळी किती?"

खोटं सांगण्याची ताकद आता उरली नव्हती. खरं सांगण्याचीही फारशी नव्हती.

"चार," मी म्हटलं. मग म्हटलं, "पाच."

"त्यांतली माणसं आहेत अजून?"

"दोन आहेत. एकाची बायको आहे."

लेकीने खुर्चीवरचा शर्ट उचलला आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसलो, पुस्तक मांडीवर घेतलं, पहिल्यापासून पानं उलटायला लागलो.

"क्रमांक सात," मी म्हणालो.