आडभिंतीपलीकडचे बटण

चंद्रप्रकाशने डाख देण्याची तांब्याची कांडी स्टोव्हच्या ज्योतीत तापवली आणि श्वास रोखून काळ्या-निळ्या चकतीवर टेकवली. कथलाचा थेंब पसरला, चमकला, निवला. उन्हातून वीज काढणाऱ्या या चकत्या, कड तुटली की मरोळच्या त्याच्या कारखान्यात भंगारात जात. साहेबांना विचारून त्याने त्या जेवणाच्या डब्यात कापूस घालून एकेक करत घरी आणल्या होत्या. दिवसभर उभे राहिलेले पाय आता बसल्या जागी ठणकत होते.

"नलूताई, लाईट लावू का गं?" फळ्यांच्या आडभिंतीपलीकडून शेजारच्या द्रौपदीने विचारले.

"लाव गे," आई चुलीपासून म्हणाली. "काय शिजयलंस आज?"

"पिठलं. तू?"

"माझा पण ताच."

पलीकडे बटण वाजले आणि अलीकडचा बल्ब लागला. साकीनाक्याच्या त्या चाळीत मीटर द्रौपदीच्या नवऱ्याचे, खंडूचे. आईच्या खोलीत त्याच्याकडून एक वायर आली होती. बटण मात्र त्याच्याच भिंतीवर होते.

"चंदू, कलेक्टर होतोस काय रे?" खंडू हसत ओरडला. "जेवणं झाली की बंद करणार हां. मीटर माझं धावतं, यार!"

बोलणे हसण्यावारी नेण्याजोगेच. पण गेल्या हिवाळ्यात हातात पुस्तक उघडे असताना असाच उजेड गेला होता, आणि अंधारातून आई हलकेच म्हणाली होती, "रवांदे. झोप आता." ते 'रवांदे', ते निमूट 'राहू दे', त्याच्या मनात सलत राहिले होते. आईला रोज कुणाच्या तरी हातून उजेड घ्यावा लागू नये, एवढ्यासाठी ही सारी उठाठेव.

रविवारी त्याने जुन्या खिडकीच्या काचेखाली चकत्या बसवल्या, कडांच्या फटी पुट्टीने बुजवल्या आणि ते तावदान मोरीवरच्या बुटक्या पत्र्यावर दक्षिणेकडे कलते ठेवले. स्कूटरची जुनी बॅटरी, स्कूटरचाच दिवा. दिवा लागला तेव्हा खंडू स्वतः पाहायला आला.

"झकास! वाट लागली रे माझ्या रुबाबाची," म्हणत त्यानेच आपली वायर गुंडाळून नेली.

आई दिव्याकडे पाहत राहिली. "बरो पडता उजेड," एवढेच म्हणाली.

त्यानंतर संध्याकाळी पलीकडे बटण वाजे, पण आधी द्रौपदीची हाक नसे की मागून काय शिजवले याची विचारपूस नसे. संपात गिरणी गेल्यापासून वडील गावीच होते. आई दिव्याखाली हात मांडीवर ठेवून बसून राही. दमून आलेल्या चंद्रप्रकाशला ती शांतता विसाव्यासारखी वाटे.

पावसाळ्याला अजून अवकाश होता, तरी दिवा मंदावू लागला; मग लागेनासाच झाला. कामावरून आल्यावर तो कंदील घेऊन एकेक जोडणी तपासी. दोष कुठेच सापडेना.

"माझंच काहीतरी चुकतंय," तो म्हणाला.

"तू लय दमतंस रे," आई म्हणाली. सोलत असलेल्या लसणीवरून तिने नजर उचलली नाही.

एक दिवस यंत्र बिघडले आणि कारखाना लवकर सुटला. चंद्रप्रकाश घराशी पोहोचला तेव्हा दिवस कलला होता, पण दुपारच्या उन्हात घामाने भिजलेला सदरा अजून पाठीला चिकटून होता. उजेड आहे तोवर तावदान पाहावे, म्हणून तो मागच्या बोळातून आला.

तावदानावर आईचे विटके लुगडे दुहेरी घडी करून अंथरले होते. वाऱ्याने येऊन पडले म्हणावे, तर चारही कोपऱ्यांवर विटांचे तुकडे होते.

त्याने एक तुकडा उचलला. लुगडे ओढणार, तोच आतल्या काळोखात आडभिंतीपलीकडून द्रौपदीचा आवाज आला.

"नलूताई, अंधारात काय बसलीस? आज पण दिवा नाही होय?"

"खंयचो दिवो! आज ऊनच पडाक नाय."

"ऊन नाही? नळावर जाताना माझे तळवे भाजले की गं!"

"तुझे तळवे नाजूक."

दोघी हसल्या. आईचे हसणे त्याने कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

"वायर टाकायला सांगू का यांना परत?"

"नको गे. माझ्या झिलाक वायट वाटात." आत भांडे वाजले. "तूच ये. च्याय ठेवतंय."

चंद्रप्रकाशने लुगडे सोडले. हातातला विटेचा तुकडा अजून उबदार होता. लुगड्याचा सरकलेला कोपरा त्याने नीट बसवला, तुकडा होता तिथे ठेवला आणि पत्रा वाजू न देता हात काढून घेतला. मग रोजची यायची वेळ होईपर्यंत कुठे बसावे, याचा विचार करत तो बोळातून परत नाक्याकडे चालू लागला.