असं वाजतच नाही

"किती वाजले, सांगा." मोठ्या बाईंनी प्लास्टिकचं घड्याळ माझ्या दुसरीच्या वर्गापुढे धरलं. छोटा काटा बरोब्बर तीनवर, मोठा दहावर.

पोरं काट्यांकडे बघून आपसात कुजबुजली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचं माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही आणि जमावं असं मला कधी वाटलंही नाही. कालच त्यांनी सुनावलं होतं, "मोबाइलच्या जमान्यात पोरांना काट्यांचं घड्याळ कुठे वाचता येतं? उद्या तपासते. पोरांना आलं नाही तर वर्ग सोडा आणि सामानाची खोली सांभाळा." एकतीस वर्षं मी दुसरीच शिकवली. मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं वाटतही नाही.

त्यांनी मागवलेल्या या घड्याळाचे काटे सुटे. एक फिरवला तरी दुसरा ढिम्म. यावर शिकलेली पोरं खऱ्या घड्याळात चारला दहा कमी असताना, छोटा चारजवळ दिसतो म्हणून, बेधडक 'चार पन्नास' सांगतात. म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आणलं. मागचं बटण फिरवलं, की मोठ्याबरोबर छोटाही सरकतो. पोरं काचेला नाक लावून ते सरकणं बघायची.

"तू सांग गं." त्यांनी दोन वेण्यांच्या मुलीला उठवलं.

"बाई, असं वाजतच नाही."

"म्हणजे?"

"मोठा दहावर आहे ना? मग छोटा चारजवळ पाहिजे. तुमचं घड्याळ बिघडलंय."

"बिघडलंय! बिघडलंय!" सगळा वर्ग ओरडला. मला हसू फुटलं आणि तेच नडलं.

"उत्तर तीन पन्नास," मोठ्या बाई कडाडल्या. "एकालाही आलं नाही. वर उद्धटपणा शिकवलात!"

"काटा नीट लावा, मग विचारा. पोरांना येतं, तुम्हाला येत नाही."

"सोमवारपासून सामानाची खोली."

सोमवारी मी खडूंची खोकी मोजत होते. माझं घड्याळ टेबलावर होतं. समोरच्या वर्गातून नव्या बाईंचा आवाज आला, "किती वाजले?" पोरं एका सुरात म्हणाली, "तीन पन्नास!" मी हातातलं खोकं खाली ठेवलं. मग एकटाच बारीक आवाज आला, "पण बाई, छोटा तिथे कसा?"

"बाहेर उभी राहा."

दोन वेण्यांची ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली, रडू दाबत. मी दार पूर्ण उघडलं आणि टेबलावरचं घड्याळ तिच्याकडे फिरवून ठेवलं.