कोपऱ्यातली माती

सगळे तिला गुलाबी बाई म्हणायचे. तिचं कामच तसं होतं. चिकणमातीत चुना नीट मिसळलाय का ते बघायला खड्डा खणायचा आणि त्यात औषध फवारायचं. चुना असेल तिथं माती गुलाबी होते, नसेल तिथं काळी ती काळीच. चुना पोटात गेला की ही माती ओझं पेलते, नाहीतर भिजल्यावर तिचा नुसता चिखल.

नव्या पुलासाठी नदीच्या दोन्ही काठांना अशाच मातीवर एकेक क्रेन उभी होती, चार कोपऱ्यांत चार पाय रोवून. अलीकडची तिचा धाकटा भाऊ चालवत होता. काँक्रीटची तुळई उचलून तो पुलाकडे नेत होता. वाटेत बाईची तपासणीची पत्र्याची खोली येत होती, म्हणून तिने सकाळीच ती रिकामी करून कुलूप लावलं होतं.

पाण्याचा पाइप कालपासून गळत होता. भावाच्या क्रेनच्या जवळच्या कोपऱ्यात ओल दिसली म्हणून तिने सहज कुदळ मारली आणि फवारलं. वर बोटभर गुलाबी, खाली काळंभोर.

मिसळणारं यंत्र कोपऱ्यात वळत नाही. तिथं मजूर फावड्याने चुना पसरतात, वरून रोलर फिरवतात, आणि सगळं कसं पांढरंशुभ्र दिसतं! तीही मधोमध खोल खणायची आणि कोपऱ्यात नुसतं खरवडायची. कोपऱ्यात कोण बघतंय, ही इथल्या सगळ्यांचीच सवय.

तिच्या डोळ्यांदेखत क्रेनचा त्या कोपऱ्यातला पाय खचला.

खालून क्रेनला हातवारे करणाऱ्या इशारेवाल्याने थांबवायला हात वर केला. तिने तो धरला.

"लटकत ठेवू नका! सगळं वजन याच पायावर येतंय."

"मग दुसऱ्या बाजूला फिरवायला सांगू?"

ती हो म्हणणारच होती. मग आठवलं, यंत्र एकाही कोपऱ्यात वळलं नव्हतं.

"आहे तिथंच खाली घ्या."

"अहो, खाली तुमची खोली आहे!"

"रिकामी आहे. ही बघा किल्ली!" तिने ती त्याच्या हातात कोंबली.

इशारेवाल्याने अंगठा खाली केला. भावाने काचेतून खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनेही अंगठा खाली केला. लहानपणापासून तिचं एकही सांगणं त्याने वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं. आज तो वाद घालत बसला तर क्रेनसकट उलटणार होता.

तुळई उतरू लागली. पाय आणखी खचला, क्रेन कलली, कुठंतरी लोखंड कण्हलं. मग पत्रा चेपल्याचा आवाज आला आणि तार सैल पडली.

भाऊ उतरून धावत आला. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? स्वतःच्याच खोलीवर?"

तिने खड्ड्यात पुन्हा फवारलं. त्याने ती काळी माती पाहिली, खचलेला पाय पाहिला. मग त्याने नदीपलीकडे बोट दाखवलं. तिथली तुळई नुकतीच जमिनीवरून सुटली होती.

"ताई, ती जागा कुणी तपासली?"

"मीच," ती म्हणाली आणि नदीकडे पळत सुटली.