पाणी नुसतं दाखवलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. पण न्हाणीघरात कोपरा धरून बसणारी नव्हे हं! मी तबेल्यातली बादली. जन्म हावड्याच्या कारखान्यातला आणि उमेदीची सारी वर्षं बराकपूरला घोड्यांच्या पुढ्यात गेली. घोड्याचं पोट मला जेवढं कळतं, तेवढं भल्याभल्यांना कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. बादलीला छाती कुठली, म्हणून हसायचं तर खुशाल हसा.

माझे मालक सदाशिवराव हे सरकारी नोकरीतले जनावरांचे डॉक्टर. पुण्याहून बदली होऊन बराकपूरला आले आणि आल्या आल्या त्यांनी बादली घेतली, म्हणजे मलाच. मग १९५१ साली लिलावात त्यांनी एक तांबूस घोडी घेतली. तिचं नाव शकुन. तिच्यासाठी जयप्रकाश नावाचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, ठेवला. तो बिहारातल्या छपऱ्याकडचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ.

या दोघांची शिस्त काय सांगू! जयप्रकाश रोज सकाळी मला राखेनं घासायचा, कारण वास येणाऱ्या बादलीला घोडा तोंड लावत नाही. आधी पाणी, मग चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे आणि जव. खाणं बदलायचं तर आठ दिवसांत हळूहळू बदलायचं. रोज खरारा करायचा, चारही खूर उचलून त्यातली माती काढायची. घोड्याला ओकता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पोटात एकदा अडकलं की जीवावरच बेततं.

शकुन गाभण राहिली ती डमडमच्या एका शौकीन गृहस्थांच्या घोड्यापासून. घोडी अकरा महिने गाभण असते. नऊ महिने सुखात गेले आणि वैशाखात सदाशिवरावांचं लग्न झालं.

वृंदाबाई कलकत्त्यात जन्मलेल्या. आजोबांपासून घर तिथलंच. मराठी बोलायच्या गोड, पण ती घरापुरती, बाकी सगळं बंगालीत. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. त्यामुळे “शकुनला पाणी खायला देऊ का?” असं त्या विचारायच्या आणि सदाशिवराव पोट धरधरून हसायचे. शेवटी त्यांनी विचारायचंच सोडून दिलं.

अशात जयप्रकाशला ताप भरला आणि तो टिटागडला भावाकडे गेला. दुसऱ्याच दिवशी सदाशिवरावांना दोन दिवसांच्या दौऱ्याचा हुकूम आला. सियालदहची गाडी गाठायच्या घाईत त्यांनी गवत किती, चंदी किती ते सांगितलं आणि फाटकातून ओरडून म्हणाले, “चार वेळा घोडीला पाणी दाखव. विसरू नकोस!”

आता आपल्याकडे जनावराला पाणी दाखवायचं म्हणजे पुढ्यात ठेवायचं आणि हवं तेवढं पिऊ द्यायचं. हे पुण्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. वृंदाबाईंना कोण सांगणार?

त्या विसरल्या मात्र नाहीत. मला काठोकाठ भरलं, दोन्ही हातांनी उचलून शकुनसमोर धरलं. तिनं मान लांब केली, तिचे ओठ माझ्या काठाला लागले आणि बाईंनी मला झटकन मागे घेतलं. पाणी अंगणातल्या आंब्याच्या मुळाशी ओतलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी शकुननं माझी कडी दातांत धरली, सोडेचना. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “सोड गं,” त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी दाखवायलाच सांगितलंय. तुझ्या बाळासाठीच असेल.” मला असा संताप आला होता म्हणून सांगू! भरलेली असून मी कुणाच्या कामाची नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुननं गवताला तोंड लावलं नाही. लीद बंद झाली होती. ती पुढच्या पायानं जमीन उकरायची, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची आणि खाली बसायची. वृंदाबाई रिक्षा करून टिटागडला गेल्या आणि कांबळं गुंडाळलेल्या जयप्रकाशला घेऊनच आल्या.

त्यानं शकुनची हिरडी पाहिली. कोरडी ठक्क. “पानी पिया?” त्यानं विचारलं.

“दिखाया,” बाई म्हणाल्या. “चार बार.”

जयप्रकाशनं लगेच मला उचललं. एकदम भरून दिलं नाही. पाव बादली पाणी, चिमूटभर मीठ, मग सावलीत थोडं चालवणं, पुन्हा पाव बादली. दोरी वृंदाबाईंनी स्वतःच्या हातात घेतली. शकुन लोळायला बघायची की त्या तिला चुचकारून उभी करायच्या. घोडी जाते की शिंगरू जातं, की दोन्ही, या भीतीनं त्यांनी दिवसभर अन्नाचा कण घेतला नाही. ऊन उतरता उतरता शकुननं लीद टाकली आणि बाई जयप्रकाशसमोर हमसून हमसून रडल्या. लीद बघून इतका आनंद झालेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

संध्याकाळी सदाशिवराव आले. त्यांनी शकुनच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. आत शिंगरू हललं. वृंदाबाईंनी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं.

“चूक माझी,” ते म्हणाले. “पाज म्हणायला हवं होतं. आणि तू विचारलंस की मी हसायचो.” मग त्यांनी विचारलं, “पण तिला तहान लागलेली तुला दिसत होती ना?”

“दिसत होती. पण तुम्ही डॉक्टर.”

“यापुढे आधी तिचं ऐक,” सदाशिवराव म्हणाले. “मग माझं.”

बारा दिवसांनी पहाटे शकुन व्याली. तासाभरात शिंगरू लटपटत उभं राहिलं आणि आईला लुचू लागलं. त्या चुकीनंतर शकुन पिऊन होईपर्यंत बाई तिथून हलायच्या नाहीत; तबेल्यातून मी रिकामीच परत यायचे, भरलेली कधीच नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे घोडा नसेल, पण गाय असेल, कुत्रा असेल, निदान पिंजऱ्यातला राघू तरी असेल. त्याला पाणी ठेवलंत म्हणजे काम झालं, असं समजू नका. जरा थांबा. ते पितंय का, बघा.