अजून लागू नाही

पाच वाजता अर्ज बंद होणार होता, आणि चार वीस झाले तरी सुनेसमोर संगणक हटून बसला होता. ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही,’ एवढंच त्याचं पालुपद.

“या घरात खासगी आहे तरी काय, विचार त्याला,” तिचा नवरा म्हणाला. सुनेला हसू आलं नाही. बारा वर्षं वॉर्डात राबल्यावर मुख्य परिचारिकेची जागा निघाली होती आणि वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष होतं. फोनवर अर्ज उघडायचा, पण दाखले जोडायला गेलं की बंद पडायचा. म्हणून सगळी भिस्त या जुन्या डब्यावर होती.

नवऱ्याने वायर काढून लावली, राउटर बंद करून चालू केला, दुसरा ब्राउझर उघडला, ब्राउझरने साठवलेली जुनी माहिती पुसली. शेवटी टेबलाला एक चापटही मारली. त्याच वायफायवर फोन मात्र सुरळीत चालला होता. “साइटच गंडलीये,” असं म्हणून त्याने हात टेकले.

कोपऱ्यात सासरे बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. हात कापायला लागले तसं तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून “आता माझा काय उपयोग” हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. ते उठले, डोळ्याला भिंग लावलं आणि पडद्याला नाक लावून अगदी खालची बारीक ओळ वाचायला लागले.

“बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?” नवरा म्हणाला.

“मराठी कळतं की. ‘या साइटचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.’”

“तेच ते. लागू नाही.”

“अरे, मधला शब्द खाऊ नकोस. *अजून* लागू नाही. अजून म्हणजे वेळेची भानगड. याचं घड्याळ मागे आहे.”

“घड्याळ बरोबर आहे बाबा,” सून म्हणाली. “रोज सकाळी मीच लावते. चालू केलं की बारा दाखवतं.”

“तास-मिनिटं लावतेस. तारीख?”

तारीख सुनेने कधी पाहिलीच नव्हती. घड्याळजीच्या घरात चुकीचं घड्याळ म्हणजे अब्रूचा प्रश्न. भिंतीवर बघायचं आणि काटे जुळवायचे, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. एरवी या संगणकावर नुसतं टायपिंग चालायचं, त्यामुळे कुठे काही अडलं नव्हतं. तिने कोपऱ्यातल्या वेळेवर बाण नेला. तारीख चौदा वर्षांपूर्वीची निघाली.

“समोरची साइट यंदाचं ओळखपत्र दाखवतेय,” सासरे म्हणाले. “हा संगणक बिचारा चौदा वर्षं मागे उभा. हा कसा विश्वास ठेवणार?”

तिने वर्ष, महिना, दिवस बदलला. पान उघडलं तेव्हा तिच्या तोंडून नुसतं “बाबा!” एवढंच निघालं. दाखले एकेक करून चढले. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पोच आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. नवरा बापाकडे बघतच राहिला. चार खटपटी करून जे त्याला जमलं नाही, ते म्हाताऱ्याने एक शब्द नीट वाचून केलं होतं.

“याच्या घड्याळाचा आतला सेल संपलाय,” सासरे म्हणाले. “उद्या पुन्हा मागे जाईल. माझ्या खणात आहे तसा. पण बसवणार कोण?” त्यांनी आपले हात मागे घेतले.

सुनेने संगणकाची वायर काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ते सांगत गेले, ती करत गेली. झाकण, खाच, चिमटा. तान्ह्या बाळांच्या शिरा अचूक शोधणारे तिचे हात एकदाही हलले नाहीत.

सेल खट्कन बसला. सासरे बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. गिऱ्हाइकांची अर्धवट राहिलेली घड्याळं त्यात तीन वर्षं पडून होती. सगळ्यात वरचं त्यांनी जपून तिच्या हातात ठेवलं.

“सोमवारी सुट्टी आहे ना गं तुला?”