ओट्यावरचा बल्ब

उत्कर्षाचं बाकी सगळं बरं होतं, पण विजेच्या धड्यातलं एक गणित तिला काही केल्या जमत नव्हतं. बॅटरीला एक बल्ब जोडलाय; त्याला समांतर तसाच दुसरा जोडला, तर पहिल्याच्या उजेडाचं काय होईल? उत्कर्षा दर वेळी ठामपणे सांगायची, कमी होईल.

आकुर्डीच्या क्लासमधले निरंजन सर कपाळावर हात मारायचे. "अगं बाई, तेवढाच राहतो! बॅटरीला आतला रोध दिलाय का?"

"नाही दिला, सर."

"दिला नाही म्हणजे नाही."

"पण असतो ना, सर."

"असेना का! पेपरात नसतो."

आता सरांचं खरं, पण पोरीचंही खोटं नव्हतं. चिखलीतलं तिचं घर आणि बोळापलीकडची कुलदीपकाकाची वेल्डिंगची शेड, दोन्ही एकाच मीटरवर. मीटर आजोबांच्या, कोंडाजीआबांच्या नावावर. काकाने वेल्डिंगला हात घातला रे घातला की ओट्यावरचा पिवळा बल्ब मान टाकायचा. जन्मापासून डोळ्यांनी पाहिलेलं कुठल्या खोडरबराने पुसायचं?

आबांचं आणि कुलदीपकाकाचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या लेकाचं, बोलणं बंद होतं. दारातलं चिंचेचं झाड पाडून काकाने शेड ठोकली, तेव्हापासून आबांनी बोळ ओलांडला नव्हता. "त्येचं नाव काढू नगा माझ्याम्होरं," असं घराला बजावून ते रोज सकाळी बल्ब लावायचे आणि शेडकडे पाठ करून त्याच्याखाली बसायचे. भर दिवसा बल्ब कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बल्ब मंद झाला की म्हणायचे, "लागला कामाला." मग चहा मागायचे.

सीईटीचं उत्कर्षाचं हे दुसरं वर्ष. वडिलांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला नंबर लागला नाही तर उन्हाळ्यात बघायला पाहुणे येतील आणि तू पोहे करशील. उत्कर्षाला पोहे फार चांगले जमायचे. तीच तर धास्ती होती. सराव परीक्षेत समांतर जोडणी आली की तिची हमखास माती व्हायची.

शेवटी ती शेडमध्ये गेली. "काका, तुमच्या वेल्डिंगमुळे माझं उत्तर चुकतंय."

काकाने तोंडावरची काच वर केली. "आमच्यामुळं लोकांची झोप ग्येली, टीव्ही ग्येले. उत्तर पयल्यांदाच ग्येलं."

पण माणूस दिलदार. त्याने शेडसाठी वेगळं थ्री फेज कनेक्शन मागवलं. कागदावर आबांची सही हवी होती. आबांनी कशाची, कुणासाठी, काही न विचारता केली. विचारलं असतं तर कुलदीपचं नाव निघालं असतं.

नवी लाइन आली आणि ओट्यावरचा बल्ब एकदम शहाणा झाला. हलेना की डुलेना. तो बघून बघून उत्कर्षाच्या डोक्यातही सरांचं म्हणणं बसलं. पेपरात ते गणित आलंच. तिने 'तेवढाच राहील' वर टिचकी मारली, आणि पुढे यथावकाश इलेक्ट्रिकलला नंबरही लागला. पोहे वाचले.

वडिलांनी पेढे आणले. आबा मात्र बल्बखाली पेढा हातात धरून नुसते बसले होते. मधल्या काळात म्हातारा पार सुकला होता. चहासुद्धा मागायचा नाही.

"पोरी, कुलदीप आजारी हाय का?"

इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं.

"कवाधरनं लागलाच न्हाई," आबा बल्बकडे बघत म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे शेडमध्ये निळा उजेड फडफडत होता. आबांना ऐकू तर कमीच यायचं.

"काम चालू आहे काकाचं, आबा. आता दिव्याला काही फरक पडत नाही."

उत्तर अगदी बरोबर होतं. देऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग मला कळायचं कसं गं?"

हे निरंजन सरांनी शिकवलं नव्हतं. तिने पेढ्यांचा खोका उचलला आणि कोपऱ्यातली काठी आणून आबांच्या हातात दिली. "चला, बघून येऊ."

आबांनी काठी टेकली. मग उठले, आणि आधी बल्ब बंद केला.